जुन्या कोंबड्यांत नव्या मिसळताना: परसातल्या खुराड्यासाठी पायरीपायरीने

सुरुवात बहुतेकांची एकाच पद्धतीने होते. घरी चार-पाच गावरान कोंबड्या असतात. मग कुणीतरी कडकनाथचं गुणगान करतं, म्हणून त्यातल्या तीन येतात. पाहुणे मंडळी गावाकडून येताना एक असील कोंबडा पाटीत घालून आणतात. शाळेच्या फाटकाबाहेर दहा-वीस रुपयांना मिळणारी गुलाबी-हिरवी पिल्लं पोरं हट्टाने घेऊन येतात. महिनाभरात परसात चार जाती आणि तीन वयं जमतात, आणि मग प्रश्न पडतो की हे सगळं एका खुराड्यात कसं नांदायचं.

नवख्या माणसाला भीती असते ती भांडणाची. चोची मारतील, रक्त काढतील, जीव घेतील. भांडणं होतातच, पण ती दिसतात आणि दिसतात म्हणून आवरता येतात. परसातले कळप संपतात ते रोगाने आणि चुकीच्या खाद्याने, आणि या दोन्ही गोष्टी पहिल्या आठवड्यात डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून महत्त्वाचा क्रम असा धरा: आधी जागा, मग रोग, मग आकार आणि वय, आणि जातीचा स्वभाव त्यानंतर. उलट्या क्रमाने गेलात तर कोंबड्यांची मैत्री होईल आणि पंधरवड्यात निम्मं खुराडं रिकामं होईल.

पायरी १: आधी टेप घेऊन जागा मोजा

रात्री बसायच्या खुराड्यात मोठ्या कोंबडीमागे ३ ते ४ चौरस फूट आणि दिवसा फिरायच्या जाळीबंद अंगणात ८ ते १० चौरस फूट जागा धरा. म्हणजे १० बाय १० फुटांच्या अंगणात दहा, फार तर बारा कोंबड्या. जे पक्षी लहानपणापासून एकत्र वाढलेत ते याहून कमी जागेतही निभावून नेतात. अनोळखी पक्षी मिसळताना मात्र जागा लागतेच, कारण मार खाल्लेल्या कोंबडीला पळून जायला वाट हवी. पळायला वाट असेल तर भांडण दोन चोचींत संपतं. वाट नसेल तर मारणारी थांबत नाही.

बसायला आडवी दांडी प्रत्येकीला ८ ते १० इंच. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका. दांड्या सगळ्या एकाच उंचीवर ठेवा. उंच-सखल ठेवल्या की वरच्या दांडीवरून रोज संध्याकाळी मारामारी होते.

सोलापुरात आणखी एक भानगड आहे, पत्र्याची. आपल्याकडे खुराडं म्हटलं की वर पत्रा आलाच, आणि एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असताना त्या पत्र्याखाली भट्टी पेटते. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा पाचट अंथरा, पश्चिमेची बाजू पोत्यांनी आडवा. तापलेल्या जागेत दाटीने ठेवलेल्या कोंबड्या शांत स्वभावाच्या असल्या तरी एकमेकींची पिसं उपटतात.

जागा पुरत नसेल तर इथेच थांबा. पुढच्या कुठल्याही पायरीने ती उणीव भरून निघत नाही.

पायरी २: काय आणायचं आणि कुठून

मिसळण्यासाठी आणायला सगळ्यात सोयीची म्हणजे ८ ते १० आठवड्यांची तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. तिला ऊब द्यावी लागत नाही, अंगावर पिसं पूर्ण आलेली असतात, आणि अजून तिने कुठल्या कळपात आपली जागा पक्की केलेली नसते. सरकारच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमातही याच वयाच्या २५ माद्या आणि ३ नर असा गट दिला जातो. हे प्रमाणही लक्षात ठेवण्यासारखं आहे, पुढे नरांच्या भागात कामाला येईल.

आता जातींचा स्वभाव. पुस्तकात अंडी आणि वजनं दिलेली असतात; एकत्र नांदवताना उपयोगी पडते ती वेगळीच माहिती.

आपली गावरान चपळ, संशयी आणि जागेच्या बाबतीत हट्टी. खुराड्यातली मुख्य बाई बहुधा हीच असते, वजनाने लहान असूनही. नव्या आलेल्यांना सगळ्यात जास्त टोचते तीच.

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. अंगाने हलकी, भित्री, उडण्यात पटाईत. कोंबडीचं वजन दीड किलोच्या आतबाहेर. भांडण झालं की ती लढत नाही, उडून शेजारच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसते आणि अंधार पडला तरी उतरत नाही. गावरानसोबत तिचं चांगलं जमतं, कारण दोघींचा वेग सारखा असतो. फक्त अंगणाला वरूनही जाळी हवी.

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. तिन्ही खास परसासाठीच तयार केलेल्या. गिरिराज आणि वनराज अंगाने भारी, चालीने संथ, स्वभावाने बऱ्या. त्यांची अडचण म्हणजे भूक. खाद्याच्या भांड्यापाशी त्या ठाण मांडून बसतात आणि कडकनाथसारखी हलकी कोंबडी मार न खाताही उपाशी राहते. या दोन टोकांच्या जाती एकत्र असतील तर खाद्याची भांडी दूरदूर ठेवणं हाच उपाय. ग्रामप्रिया त्या मानाने हलकी आणि अंड्यांना चांगली. पहिल्यांदाच मिश्र कळप करणाऱ्याने गावरानसोबत तीच घ्यावी असं माझं मत.

असील माद्या खुडूक बसण्यात, म्हणजे अंडी उबवत बसण्यात, आणि पिल्लं सांभाळण्यात एक नंबर. असील कोंबडा मात्र दुसऱ्या नरासोबत ठेवायचाच नाही. तो धाक दाखवून थांबणाऱ्यातला नाही.

काय आणू नये हेही सांगतो. मोठ्या लेअर, म्हणजे अंड्यांच्या, फार्मवरून वय झालं म्हणून काढलेल्या पांढऱ्या कोंबड्या स्वस्तात मिळतात. त्यांची चोच कापलेली असते, आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं असतं, मातीत उकरून खायची सवय नसते. गावरानच्या तावडीत त्यांचे हाल होतात. ब्रॉयलर तर मिसळूच नका. वेगाने वाढणारं ते शरीर सोलापूरच्या उन्हात टिकत नाही आणि भरपूर खाद्य ही त्याची गरज बाकीच्यांना लठ्ठ करते. आणि ती रंगवलेली पिल्लं बहुतेक लेअर जातीचे नर असतात, लस न टोचलेले, ऊब न मिळालेले. पोरांचं मन मोडायचं नसेल तर घ्या, पण जुन्या कोंबड्यांच्या वाऱ्याला लगेच उभी करू नका.

आठवडी बाजारातून मोठी कोंबडी आणणं मी टाळतो. तिथे दहा गावांच्या कोंबड्या एकाच डालग्यात दिवसभर एकमेकींच्या तोंडाशी असतात. पिल्लं किंवा तलंगा आणायच्या तर ओळखीच्या पाळणाऱ्याकडून, नाहीतर अंडी उबवणी केंद्रातून. पशुसंवर्धन विभागाची अशी मध्यवर्ती केंद्रं पुणे आणि कोल्हापूरला आहेत. घेताना एकच प्रश्न विचारा: कोणती लस कोणत्या दिवशी दिली? उत्तर अडखळत आलं तर लस दिलेली नाही असं धरून चाला.

एकटी कोंबडी कधीही आणू नका. किमान दोन, तीन असतील तर उत्तम. मार वाटला जातो.

पायरी ३: तीस दिवस वेगळं

ही पायरी सगळ्यांना नकोशी वाटते आणि सगळे हीच गाळतात. नवी कोंबडी ठणठणीत दिसते, मग कशाला महिनाभर वेगळी ठेवायची? कारण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस घेते. श्वासाचे काही आजार तीन आठवडे दबून राहतात. महिना हा त्या सगळ्यांना उघडं पडायला दिलेला वेळ आहे.

वेगळं म्हणजे किती वेगळं? शक्य असेल तर तीस-चाळीस फूट लांब. प्लॉट लहान असेल तर घराच्या दुसऱ्या बाजूला. मधे नुसती जाळी असणं म्हणजे वेगळं नव्हे. हवेतून, धुळीतून, पाण्याच्या थेंबांतून सगळं पलीकडे जातं. रोज आधी जुन्या कोंबड्यांचं खाणं-पाणी करा, मग नव्यांकडे जा, आणि त्यानंतर परत जुन्यांकडे जाऊ नका. नव्यांच्या बाजूला एक जुनी चप्पल कायमची ठेवा. बादली, डबा, झाडू वेगळे. शहरात पाणी काही दिवसांआड येतं म्हणून पाणी वाचवायला एकाच टबातलं उरलेलं पाणी इकडून तिकडे ओतायचा मोह होतो. तेवढं करू नका.

या महिन्यात रोज पाहायचं काय? विष्ठा: रक्ताळलेली असेल तर रक्ती हगवण, हिरवट पातळ असेल तर सावध. श्वास: रात्री सगळं शांत झालं की जवळ जाऊन ऐका, घरघर, शिंक, तोंड उघडून श्वास घेणं दिवसाच्या गडबडीत कळत नाही. डोळ्यांत फेस, तुऱ्यावर देवीचे फोड, पायाचे उचललेले खवले. पिसं बाजूला सारून शेपटीखाली आणि पंखाखाली उवा बघा. आणि गोचीड. आपल्या कोरड्या भागात कोंबड्यांची गोचीड हा मोठा त्रास आहे. ती दिवसा लाकडाच्या फटीत लपते, रात्री रक्त प्यायला बाहेर येते, आणि उपाशी राहूनही महिनोन्‌महिने तग धरते. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूला पाहिलंत तरच सापडेल. ज्या डालग्यात किंवा लाकडी खोक्यात नवी कोंबडी आली, ते जुन्या खुराड्याजवळ नेऊ नका. जाळून टाकलं तर अधिक बरं.

याच महिन्यात लसी. साधारण वेळापत्रक असं: पहिल्या दिवशी मरेक्स, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस आणि आठ ते दहा आठवड्यांत मानमोडीची आर-टू-बी. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नका, तीच लस त्यांना आजारी पाडते. कोणती लस कोणाला हे पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी दाखवून ठरवा.

अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि आपल्याकडे पक्षी बारा. कालवलेली लस काही तासांतच वापरावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. गल्लीत, वस्तीवर आणखी कोंबड्या असतील तर सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवा आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणा. शेजाऱ्याच्या कोंबड्या सुरक्षित असणं तुमच्याही फायद्याचं असतं. लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्या. नळाच्या पाण्यात कालवलीत तर त्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं आणि आपण मात्र लस दिली या समाधानात राहतो. देवीची लस जुन्या-नव्या सगळ्यांना एकाच वेळी द्या, आणि कुठल्याही जिवंत लसीनंतर मिसळायला किमान दोन आठवडे थांबा.

जुन्या कोंबड्याही निर्दोष धरू नका. एखादा आजार पचवून त्या बऱ्या झालेल्या असतात, पण जंतू अंगात बाळगून असतात. नव्या पक्ष्याला तेच लागतं. म्हणून तिसरा आठवडा संपल्यावर जुन्यांतली एक कोंबडी, जिच्यावर फार जीव नाही अशी, नव्यांच्या बाजूला नेऊन ठेवा. दहा दिवसांत दोन्हीकडचं कुणी आजारी पडलं नाही तर मिसळायला हरकत नाही. पडलं तर नुकसान एका बाजूपुरतं राहतं.

मधेच एक-दोन दिवसांत पटापट पक्षी मरू लागले तर घरगुती औषधं करत बसू नका, मेलेले पक्षी कापू नका, ओढ्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा देशात तो पहिल्यांदाच सापडला होता. तेव्हापासून अशी मर कळवणं हे आपलं कामच झालंय.

पायरी ४: जाळीआडची ओळख

महिना सुखरूप गेला की नव्यांना जुन्यांच्या अंगणातच, पण मधे जाळी घालून ठेवा. सात ते दहा दिवस. हिरव्या शेडनेटचा पडदा इथे चालत नाही. त्यातून नीट दिसत नाही आणि एका चोचीत फाटतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. षटकोनी भोकांच्या मोठ्या जाळीतून लहान पक्षी मान बाहेर काढतो आणि पलीकडची बरोबर डोक्यावर हाणते. शिवाय मुंगूस. ते षटकोनी जाळी वाकवून आत येतं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या माना मोडून जातं.

खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवा. एकमेकींकडे बघत खायची सवय लागली की अर्धं काम झालं. पहिले दोन दिवस गावरान बाई जाळीवर झेप घेतील, पिसं फुगवतील. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांचा उत्साह ओसरतो. तो ओसरेपर्यंत जाळी काढू नका, मग दहाचे पंधरा दिवस झाले तरी चालेल.

पायरी ५: जाळी काढायचा दिवस

ऋतू आधी. दसऱ्यानंतर संक्रांतीपर्यंतचा काळ आपल्याकडे सर्वांत चांगला. पावसाळ्यात ओलसर भुश्यात रक्ती हगवणीचा जोर असतो. मार्चच्या मध्यानंतर तर नकोच. उन्हाने धापा टाकणाऱ्या कोंबडीला वरून मार खायला लावलं की ती दुपारी आडवी होते.

त्या दिवशी अंगणाची मांडणी बदला. खोके हलवा, दांडी दुसऱ्या भिंतीला लावा, दोन फळ्या भिंतीला तिरप्या टेकवा, एखादं मोडकं प्लॅस्टिक क्रेट उपडं टाका. जागा सगळ्यांनाच अनोळखी झाली की जुन्यांचा मालकीहक्क थोडा ढिला पडतो, आणि तिरप्या फळीमागे मार खाणारीला तोंड लपवता येतं. नजरेआड गेली की पाठलाग थांबतो. खाद्य आणि पाण्याची भांडी गरजेपेक्षा एक-एक जास्त, आणि एकमेकांपासून लांब. छतापासून दोरीने कोबीचा पाला किंवा मेथीची जुडी कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. चोचींना दुसरा उद्योग मिळतो.

रात्री अंधारात नव्यांना दांडीवर नेऊन बसवायचं, म्हणजे सकाळी कुणाला काही कळत नाही, असा एक समज आहे. कोंबडीला कळतं. उजाडल्या-उजाडल्या, तुम्ही झोपेत असताना, बंद खुराड्यात मार सुरू होतो. त्यापेक्षा दुपार कलल्यावर, चार-पाच वाजता, उघड्या अंगणात सोडा. अंधार पडायला दोन तास असतात आणि तुम्ही चहा घेऊन तिथेच बसलेले असता. सुट्टीच्या आदल्या दिवशी केलंत तर दुसऱ्या दिवशीही लक्ष देता येतं.

काय चालू द्यायचं? मानेची पिसं फुगवून समोरासमोर उभं राहणं, छातीवर उडी, डोक्यात एक-दोन चोची, पाठलाग. हे व्हायलाच हवं. १९२१ मध्ये थॉर्लीफ शेल्डेरूप-एबे या नॉर्वेच्या अभ्यासकाने कोंबड्यांची ही टोचायची उतरंड पहिल्यांदा व्यवस्थित मांडली: कोण कुणाला टोचू शकते हे एकदा ठरलं की रोज लढावं लागत नाही. तुम्ही दर वेळी मधे पडलात तर ते ठरतच नाही आणि भांडण लांबतं.

कधी मधे पडायचं? रक्त दिसलं की लगेच. एकीला तिघी मिळून कोपऱ्यात दाबत असतील तेव्हा. खाली बसलेल्या, हार मानलेल्या कोंबडीच्या डोक्यावर चोची चालूच असतील तेव्हा. लाल रंगाकडे सगळ्या कोंबड्या ओढल्या जातात. जखम उघडी राहिली तर शांत गिरिराजसुद्धा टोचायला येते. जखमी पक्षी वेगळा काढा, जखम स्वच्छ करून जेन्शियन व्हायोलेटचं जांभळं औषध लावा. त्याने जखम सुकते आणि लाल रंगही झाकला जातो. माशा बसू नयेत म्हणून दिवसा सावलीत, जाळीत ठेवा.

एखादी कोंबडी ऐकतच नसेल तर मार खाणारीला काढू नका, मारणारीला काढा. तीन-चार दिवस तिला दुसऱ्या पिंजऱ्यात, बाकीच्यांना न दिसेल असं ठेवा. परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते आणि नवी तीच ठरते. जास्तीत जास्त दोन आठवड्यांत खुराडं शांत व्हायला हवं. तोवर रोज संध्याकाळी नव्यांची पोटळी, म्हणजे मानेखालची खाद्याची पिशवी, बोटाने चाचपा. रिकामी लागली तर ती उपाशी झोपतेय.

पायरी ६: पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या

आठ आठवड्यांखालचं पिल्लू अनोळखी मोठ्या कोंबड्यांत सोडू नका. मी तर बारा आठवडे थांबा म्हणेन, आणि खरं मोजमाप वय नसून अंगाचा आकार आहे. कडकनाथची तीन महिन्यांची तलंग गिरिराजच्या दोन महिन्यांच्या पिल्लाएवढी असते. पाहून ठरवा: जुन्या कोंबडीच्या पाऊणपट अंग झालं की चालतं.

खरेदीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. डिसेंबरात त्यासाठी रात्रभर बल्ब लागतो. एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी तो बंदच ठेवावा लागतो, नाहीतर पिल्लं ऊब घेता घेता भाजायची. ती बल्बखाली गोळा झाली तर थंडी आहे, भिंतीला लांब पसरली तर उष्मा आहे. थर्मामीटर नसला तरी एवढं पुरे.

सगळ्यात सोपा मार्ग मात्र खुडूक कोंबडीचा. गावरान किंवा असील खुडूक बसली की तिच्याखाली कुठल्याही जातीची अंडी ठेवा, एकवीस दिवसांनी ती पिल्लं तिचीच. मग कडकनाथचं काळं पिल्लू असो की वनराजचं तपकिरी, बाकीच्या कोंबड्यांशी त्यांची ओळख आईच करून देते. कुणी चोच उगारली तर आईशी गाठ असते. सहा-आठ आठवड्यांनी ती पिल्लांना झिडकारू लागते, तोवर त्यांना खुराड्यातले सगळे नियम पाठ झालेले असतात. या मार्गाने वाढवलेल्या पिल्लांना वरची चौथी आणि पाचवी पायरी लागतच नाही. पहिले दोन आठवडे माय-लेकरांना डालग्याखाली ठेवा. घारी आणि मांजरी आईला भीत नाहीत.

आता खाद्य. मिश्र वयाच्या कळपात सर्वांत मोठं नुकसान इथे होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या लेअर खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडात बसतं आणि चार-पाच महिन्यांची, बाहेरून छान दिसणारी तलंग एक दिवस काही कारण नसताना मरते. लोक म्हणतात नजर लागली.

उपाय साधा. कळपात एक जरी तलंग किंवा पिल्लू असेल तर सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी घालणारी कोंबडी गरजेपुरता खाते, तलंग त्याकडे फारशी वळत नाही. कोंबड्यालाही हेच बरं. पिल्लांसाठी स्टार्टर वेगळं हवं असेल तर जाळीला पाच इंचांची खाच ठेवा. पिल्लं आत शिरून खातात, मोठ्या बाहेर राहतात. रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं स्टार्टर मिळतं, ते अंड्यावरच्या कोंबडीला देऊ नका. ती चोरून खात असेल तर अंडी घरात वापरू नका.

आपल्याकडे मालदांडी ज्वारी घरात असतेच, म्हणून मूठ-मूठ ज्वारीवर कोंबड्या सांभाळायची पद्धत आहे. संध्याकाळी मूठभर टाकायला उत्तम, सगळ्या हाकेला जमा होतात. पण ज्वारीत प्रथिनं साधारण दहा टक्के, कॅल्शियम नावाला, त्यामुळे वाढत्या तलंगेचं तेवढ्यावर भागत नाही. आणि पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी किंवा बुरशी आलेल्या शेंगा कोंबड्यांना तरी चालतील म्हणून टाकू नका. बुरशीचं विष आधी पिल्लांनाच मारतं.

पिल्लं येण्याआधी खुराड्यातला भुसा पूर्ण बदला. रक्ती हगवणीचे जंतू मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून पडतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला तोच आजार भारी जातो. भुसा कोरडा ठेवा, पाण्याचं भांडं विटेवर उचलून ठेवा.

पायरी ७: कोंबडे

आठ-दहा माद्यांमागे एक. सरकारी गटातल्या २५ ला ३ या प्रमाणातही तोच हिशेब आहे. अंडी फक्त खायची असतील तर कोंबडा नसला तरी चालतो, आणि कॉलनीत पहाटे चारला आरवणारा प्राणी नसणं शेजाऱ्यांनाही आवडतं. दोन नर ठेवायचे तर एकत्र वाढलेले भाऊ किंवा बाप-लेक ठेवा. बाहेरून आणलेला प्रौढ नर जुन्या नरासमोर सोडू नका, जाळीआडून महिना दाखवलात तरी. भारी जातीचा कोंबडा हलक्या माद्यांच्या पाठीची पिसं उपटून कातडी फाडतो. गिरिराज नर आणि कडकनाथ माद्या ही जोडी म्हणूनच नको.

पिल्लांत निम्मे नर निघणारच. ते चार-पाच महिन्यांचे झाले की माद्यांना छळतात. काढायचं गणित आधीच बसवा: जानेवारी-फेब्रुवारीत निघालेले नर आखाडात बरोबर तयार होतात, तेव्हा गावरान कोंबड्याला भाव असतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक नाही आणि खाद्य मात्र चालू.

पायरी ८: अंडी उबवायची असतील तर

मिश्र कळपातली अंडी खायला सारखीच. उबवायला घेताना प्रश्न येतो, कारण गावरान कोंबड्याची संगत झालेल्या कडकनाथच्या अंड्यातून शुद्ध कडकनाथ निघत नाही. आणि नर बदलला म्हणून लगेच फरकही पडत नाही: कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. जात शुद्ध हवी असेल तर त्या माद्या आणि त्यांचाच नर वेगळ्या जाळीत ठेवा, पहिले तीन आठवडे पडलेली अंडी खाऊन टाका, त्यानंतरची पेन्सिलने तारीख घालून जमवा. आठवड्याच्या आतली अंडीच खुडूक कोंबडीखाली ठेवा, आणि उन्हाळ्यात ती माठाशेजारच्या गार कोपऱ्यात जमवा. पत्र्याखाली राहिलेलं अंडं बसवण्याआधीच बिघडलेलं असतं. काम झाल्यावर वेगळ्या काढलेल्या माद्या परत मूळ कळपात सोडताना त्यांना नव्याच समजा. महिनाभर वेगळं ठेवायची गरज नाही, पण जाळीआडचे सात दिवस पुन्हा द्यावे लागतात.